सासूबाईंचे गुडघे आणि ओक्लाहोमाचं आभाळ

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत. नवरा आणि नऊ व पाच वर्षांच्या दोन मुलांसह त्या ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात चार वर्षांपासून राहतात. घर एकमजली, स्वतःचं, तळघर नसलेलं. मार्च उजाडला की त्यांची झोप उडते. गेल्या मे महिन्यात टोर्नेडोचा भोंगा वाजला, तेव्हा नवरा शेजाऱ्यांसोबत अंगणात उभा राहून आभाळ बघत होता. यांनी मुलांना गाडीत घातलं आणि दक्षिणेकडे निघाल्या. हायवेवर तासभर अडकल्या. टोर्नेडो आला नाही, पण त्या रात्री घरात मोठं भांडण झालं. "इथे सगळेच राहतात, तूच एवढी भित्री कशी?" असं नवऱ्याचं म्हणणं. आता एप्रिलमध्ये सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत. ते श्रीवर्धनचे. सासरे फोनवर म्हणाले, "आम्ही निसर्ग वादळ काढलंय, तुमच्या वावटळीचं काय घेऊन बसलीस!" सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही. त्या विचारतात: "तिकिटं रद्द करायला सांगू का? की हे राज्यच सोडण्याचा हट्ट धरू? की खरंच मी भित्री आहे?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भीतीबद्दल तुम्ही पानभर लिहिलं आहे, पण घरात कुठल्या खोलीत बसायचं ते ठरलंय की नाही, याबद्दल एक ओळही नाही. मला वाटतं गाठ इथेच आहे. तुमची भीती खरी आहे आणि रास्तही आहे, फक्त तिला जायला जागा नाही. म्हणून ती मार्चपासून जूनपर्यंत घरभर फिरते, मग एखाद्या संध्याकाळी गाडीत बसून हायवेवर जाते.

मी स्वतः ओक्लाहोमातल्याच नॉर्मन गावाजवळ सात वर्षं राहिले आहे. देशभरासाठी टोर्नेडोचा अंदाज ज्या केंद्रात बांधला जातो, ते याच गावात आहे. तरी पहिली दोन वर्षं माझी अवस्था तुमच्यासारखीच होती. त्यामुळे हे लांबून सांगत नाही.

आधी सासऱ्यांचं बोलणं घेऊ, कारण तुमच्या घरातल्या सगळ्या वादाच्या मुळाशी तेच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागात सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दुपारी जो माणूस घरात बसून होता, त्याच्या अनुभवाचा मान राखलाच पाहिजे. पण आपल्या भाषेची इथे एक अडचण होते. चक्रीवादळ म्हटलं की आपल्याला निसर्ग किंवा तौक्ते आठवतं, आणि वावटळ म्हटलं की उन्हाळ्यात मैदानात पाचोळा गरगरवणारी धूळ. टोर्नेडो हे यांपैकी काहीच नाही, म्हणून मी टोर्नेडो हाच शब्द वापरते.

निसर्ग समुद्रावर तयार झालं. ते येतंय हे दोन-तीन दिवस आधी माहीत होतं, ते शेकडो किलोमीटर पसरलेलं होतं आणि काही तास चाललं. वारा ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटरच्या आसपास होता. टोर्नेडो जमिनीवर, एखाद्या गडगडाटी ढगाच्या पोटातून उतरतो. बहुतेकांची वाट काही मीटर ते काहीशे मीटर रुंद असते आणि बरेचसे काही मिनिटांतच विरतात. इशारा मिळतो तो सरासरी दहा मिनिटांच्या आसपास. आणि वारा? ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेला लागून असलेल्या मूर गावातून ३ मे १९९९ ला जो टोर्नेडो गेला, त्यात फिरत्या रडारने मोजलेला वेग ताशी ४८० किलोमीटरच्या घरात होता. त्याच गावावर २००३ मध्ये पुन्हा मोठा टोर्नेडो आला, आणि २० मे २०१३ ला आणखी एक, ज्यात २४ माणसं गेली. सासऱ्यांना हे आकडे सांगा. त्यांना खोटं पाडायला नव्हे. किनाऱ्यावरच्या माणसाला वाऱ्याचा वेग कळतो, त्यांना फरक लगेच समजेल.

हा प्रकार तयार कसा होतो, हे मला एका बाईने शिकवलं तेव्हापासून माझी भीती निम्मी झाली, म्हणून तुम्हालाही सांगते. सासूबाई वाती वळत असतील ना? दोन तळहातांमध्ये कापूस धरला, वरचा हात पुढे नेला आणि खालचा जागेवर ठेवला, की कापूस आडवा गरगरत वळला जातो. ओक्लाहोमाच्या आभाळात वसंतात हेच होतं. जमिनीलगत दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखातावरून, उबदार दमट वारा येतो. तो तसा संथ असतो. वर मात्र पश्चिमेकडून जोरदार, थंड, कोरडा वारा वाहत असतो. उंचीगणिक वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलल्यामुळे मधली हवा आडवी वळत राहते, डोळ्यांना न दिसणारी लांबच लांब वात. आता ऊन तापलं, दमट हवा हलकी होऊन वर उसळली, की तो वर जाणारा झोत त्या आडव्या वातीला मध्येच उचलतो आणि उभी करतो. तेलवातीची फुलवात होते म्हणा ना. मग संपूर्ण ढगच सावकाश फिरायला लागतो. अशा फिरत्या ढगाला सुपरसेल म्हणतात.

पण ढग फिरला म्हणजे टोर्नेडो झाला असं नाही. बहुतेक सुपरसेल टोर्नेडो न करताच विरतात. ढगाच्या मागच्या बाजूने गार हवा खाली कोसळते आणि जमिनीजवळच्या फिरणाऱ्या हवेला वेढते, वरचा झोत तिला ताणून लांब करतो. वातीला पीळ देऊन ओढलं की ती बारीक आणि घट्ट होते, तसा तो भोवरा अरुंद होत जातो आणि वेग वाढतो. तो जमिनीला टेकला की टोर्नेडो. कुठल्या ढगात हा शेवटचा टप्पा होईल आणि कुठल्यात नाही, हे नेमकं सांगणं शास्त्रज्ञांनाही अजून अवघड जातं, म्हणून काही इशारे फुकट जातात. तुमच्या नवऱ्याने असे दहा फुकट गेलेले इशारे पाहिले आहेत आणि त्यावरून अकराव्याचा निकाल आधीच लावून ठेवला आहे.

यात तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे. जमिनीवर उतरणाऱ्या टोर्नेडोंपैकी दहातले आठ तरी कमजोर वर्गातले असतात, ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आतले. ते छपराची कौलं काढतात, झाडं पाडतात, पण चांगल्या बांधलेल्या घराच्या आतल्या खोलीत बसलेलं माणूस त्यातून सहसा सुखरूप बाहेर येतं. मूर, मिझूरी राज्यातलं जॉप्लिन ही नावं आपल्या डोक्यात बसतात कारण ती भयंकर आहेत, पण ती नेहमीची नाहीत. म्हणून दर मार्चपासून शंभर दिवस जागं राहायची गरज नाही. शंभर दिवसांतली एखाद-दुसरी संध्याकाळ, आणि त्या संध्याकाळीही दहा मिनिटं, एवढाच हा मामला आहे. ती दहा मिनिटं मात्र आधी ठरवून ठेवलेली हवीत.

आता गाडीचं. इथे मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. मुलांना घेऊन पळावंसं वाटणं ही आईची पहिली ऊर्मी असते हे मला कळतं. पण ३१ मे २०१३ ला, मूरच्या आपत्तीला अकराच दिवस झालेले असताना, एल रीनोजवळ टोर्नेडो उतरला. तो ४.२ किलोमीटर रुंद झाला, आजवर नोंदलेल्यांत सर्वांत रुंद. मूरची दृश्यं ताजी होती, हजारो लोक गाड्या काढून रस्त्यावर आले आणि हायवे तुंबले. तो टोर्नेडो शहरात शिरण्याआधीच विरला म्हणून तुंबलेल्या गाड्या वाचल्या. त्यात जे आठ जण गेले, ते सगळे वाहनांत होते. त्यांत टिम समारास हे आयुष्यभर टोर्नेडोंचा अभ्यास केलेले संशोधक, त्यांचा मुलगा आणि त्यांचे सहकारी होते. जाणकार माणूसही तिथे फसतो. त्याच रात्री शहरात पूर आला, आणि वाऱ्यापासून वाचायला नाल्यात उतरलेली माणसं पाण्यात गेली.

पळायचंच असेल तर दुपारी पळा, भोंग्यानंतर नाही. दिवस वाईट दिसतोय हे अनेकदा सकाळीच कळतं. तेव्हा दोन-चार तास आधी, स्वच्छ रस्त्याने, मजबूत इमारतीत राहणाऱ्या मैत्रिणीकडे जाणं हा शहाणपणाचा पर्याय आहे. वॉर्निंग, म्हणजे 'आलं' असा इशारा, लागल्यावर मात्र घर आणि घरातली ठरलेली जागा. आणि कधी गाडीतच गाठलं, तर जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा. ओव्हरपासखाली थांबू नका. १९९९ मध्ये तसं थांबलेली माणसं दगावली, कारण पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी जोराने घुसतो. अगदीच काही उरलं नाही, तर पट्टा लावून डोकं खिडकीच्या खाली घालून हातांनी झाका, किंवा रस्त्यापेक्षा खोलगट जागा असेल तर तिथे पालथे पडा.

नवऱ्याचं अंगणात उभं राहणं. त्याला मी धाडस म्हणणार नाही आणि मूर्खपणाही म्हणणार नाही. तिकडची ती रीतच आहे, शेजारी बाहेर येतात, खुर्च्या मांडतात. पण त्यामागे एक गृहीतक आहे की टोर्नेडो येताना दिसेल, आणि दिसला की आत जाऊ. २२ मे २०११ ला जॉप्लिनमध्ये तो पावसाच्या पडद्याआड होता. पहिला भोंगा वीसेक मिनिटं आधी वाजला होता, तरी पुष्कळ लोक आणखी काहीतरी खूण मिळायची वाट बघत राहिले. दीडशेहून जास्त माणसं गेली. रात्रीचा टोर्नेडो तर दिसतच नाही. आणि भोंगा हा बाहेर असलेल्या माणसांसाठी असतो. घरात एसी चालू, टीव्ही चालू, मुलं झोपलेली, तो ऐकू येईलच याची हमी नाही. म्हणून फोनवरचे सरकारी इशारे चालू ठेवा, आणि बॅटरीवर चालणारा हवामान-रेडिओ घेऊन त्यात तुमच्या काउंटीचा क्रमांक टाका, म्हणजे रात्री तो फक्त तुमच्या भागासाठीच ओरडेल.

हे नवऱ्याशी बोलायचं असेल तर भोंगा वाजताना बोलू नका, आणि गेल्या मे महिन्याचं भांडणही उकरू नका. रविवारी दुपारी चहाच्या वेळी एकच प्रश्न विचारा: "दोघांपैकी एकच घरी असेल आणि तुझे आई-बाबा, दोन मुलं सोबत असतील, तर त्या एकाने काय करायचं?" तो ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जातो असं तुम्हीच लिहिलं आहे. माझा अनुभव असा की "घाबरू नकोस" म्हणणारी माणसं कामाच्या प्रश्नाला नीट उत्तर देतात. त्याला तुमच्या भीतीची समजूत घालायला लावू नका, आईला कुठे बसवायचं ते ठरवायला लावा.

कुठे बसवायचं? ओक्लाहोमाच्या मातीमुळे तिथे तळघरं कमी, तुमच्याही घराला नाही. मग सर्वांत खालचा मजला, घराच्या अगदी मधली, खिडकी नसलेली लहान जागा. तुमच्या आणि बाहेरच्या वाऱ्याच्या मध्ये जितक्या भिंती, तितकं बरं. बहुतेक घरांत ते आतलं कपड्यांचं क्लोझेट किंवा मधलं बाथरूम असतं. खिडक्या उघडायच्या हा जुना सल्ला विसरा. घर आतल्या दाबाने फुटत नाही. वारा एकदा आत घुसला की छपराला खालून ढकलतो, आणि बऱ्याचदा तो घुसतो गराजच्या दारातून. म्हणूनच मूर शहराने २०१४ मध्ये घरबांधणीचे नियम कडक केले, त्यात गराजच्या दाराचाही समावेश केला.

क्लोझेट निवडलं, की आज संध्याकाळीच त्यातली सुटकेस बाहेर काढा. हसू नका, मी हे मुद्दाम लिहितेय. माझ्याकडे जागा ठरलेली होती, पण तिथे भारतात न्यायच्या दोन मोठ्या बॅगा, इस्त्रीचं टेबल आणि जुना व्हॅक्यूम होता. एका मे महिन्याच्या रात्री इशारा आला, तेव्हा आम्ही अंधारात त्या बॅगा ओढत बसलो. टोर्नेडो काही किलोमीटर उत्तरेकडून गेला, पण गारांनी स्वयंपाकघराची खिडकी फुटली. सगळं शांत झाल्यावर मी अनवाणी बाहेर आले आणि तळपायात काच घुसली. तेव्हापासून माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर बूट आहेत. नाडीचे, जाड तळव्याचे, प्रत्येकाचा एक जोड, त्याच जागेत ठेवलेला. त्यानंतर सायकलचं हेल्मेट. टोर्नेडोत माणसं वाऱ्याने कमी, उडणाऱ्या वस्तूंनी जास्त जखमी होतात, आणि डोक्याला लागलं की ते जिवावर बेततं. मुलांची हेल्मेटं घरात असतीलच, चार मोठी घ्या. मग टॉर्च, शिट्टी, पाणी, फोनची पॉवर बँक, जाड रजई किंवा गादी. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी, सासूबाईंचा चष्मा, दोघांचे पासपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत. ही पिशवीची सवय तर त्यांना निसर्गनेच लावली असेल, ते काम त्यांच्याकडेच सोपवा.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मात्र क्लोझेटपेक्षा चांगला उपाय शक्य आहे, आणि घर स्वतःचं असल्याने तो तुमच्या हातात आहे. तिकडे गराजच्या जमिनीत पुरलेली शेल्टर लोकप्रिय आहेत. सरकतं झाकण, खाली उभ्या अरुंद पायऱ्या. तुमच्या नवऱ्याच्या मनात तेच असेल. सासूबाई त्यात घाईत उतरू शकणार नाहीत, आणि त्यांना सोडून कोणी उतरणार नाही. त्याऐवजी जमिनीवरची पोलादी सेफ रूम मिळते, काँक्रीटच्या स्लॅबला बोल्टने पक्की केलेली, साधं दार असलेली, थेट चालत आत जाता येईल अशी. जमिनीवरची म्हणजे कमी सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. फेमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आपत्ती-संस्थेच्या, निकषांप्रमाणे बनवलेली खोली ताशी ४०० किलोमीटर वाऱ्यासाठी असते. सुमारे सात किलोची लाकडी फळी ताशी १६० किलोमीटर वेगाने तिच्या भिंतीवर आणि दारावर मारून तपासतात. खर्च काही हजार डॉलर येतो. राज्याची अनुदानाची योजना सध्या चालू आहे का ते बघा, असेल तर अर्ज करून ठेवा. विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: कुठल्या निकषावर तपासली आहे, आणि बोल्ट माझ्या स्लॅबमध्ये किती खोल जाणार. बसवून झाली की शहराच्या शेल्टर-नोंदणीत पत्ता द्या, म्हणजे घर वर कोसळलंच तर शोधणाऱ्यांना कळेल. आत एक खुर्ची ठेवा. जमिनीवर बसलेल्या सासूबाईंना पुन्हा उठवणं हे वेगळं काम होऊन बसतं.

हेच पत्र वाचणाऱ्या, अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात: तळमजल्यावरच्या शेजाऱ्याशी आत्ताच ओळख करा आणि त्याच्या बाथरूममध्ये बसू देशील का ते विचारा. त्या भागात असं विचारणं कोणालाही विचित्र वाटत नाही. मोबाइल होममध्ये कोणी राहत असेल तर वॉर्निंगची वाट बघू नये, वॉच, म्हणजे 'होऊ शकतं' असा आधीचा इशारा, लागल्यावरच निघावं. ती घरं साध्या टोर्नेडोतही उलटतात.

वॉच आणि वॉर्निंग. सासू-सासऱ्यांना इंग्रजी टीव्हीवरचा माणूस भराभर काय बोलतो ते कळणार नाही, आणि कोणती पट्टी कशाची हे तर नाहीच. दुपारी तुम्ही दोघं कामावर आणि ते दोघं घरात एकटे, हे दृश्य मला तुमच्या हायवेपेक्षा जास्त घाबरवतं. फ्रिजवर मराठीत, मोठ्या अक्षरांत एक कागद लावा. माझ्या घरी असा होता:

"वॉच म्हणजे: होऊ शकतं. बूट घाला. औषधाची पिशवी घ्या. खोलीजवळ बसा. आम्हाला फोन करा.
वॉर्निंग म्हणजे: आलं. गॅस बंद करायला जाऊ नका. दूध उतू गेलं तरी जाऊ दे. खोलीत जा, दार लावा, डोक्यावर हेल्मेट. आम्ही फोन करेपर्यंत बाहेर बघायचं नाही."

दुधाची ओळ माझ्या आईसाठी होती. आपल्या घरातल्या बायका गॅस बंद केल्याशिवाय जागची हलत नाहीत. आणि "बाहेर बघायचं नाही" ही सासऱ्यांसाठी. चक्रीवादळात मधे वारा पडतो, माणसं बाहेर येऊन पत्रे बघतात, शेजाऱ्याला हाक मारतात. ती सवय इथे घातक आहे. टोर्नेडोआधी कधी कधी वारा एकदम थांबतो, आभाळ हिरवट दिसतं, आणि कधी यातलं काहीच होत नाही. वॉर्निंग संपल्याचं फोन सांगेल, आभाळ नाही.

मुलांचं. शाळेला सरळ विचारा, मुलांना कुठे बसवता, शेल्टर आहे का. २०१३ मध्ये मूरच्या एका प्राथमिक शाळेत सात मुलं गेली, त्या इमारतीत शेल्टर नव्हतं. त्यामुळे हा प्रश्न पालकांनी विचारायचाच असतो, कोणी वाईट मानत नाही. उत्तर समाधानाचं असेल, तर वॉर्निंग चालू असताना त्यांना आणायला गाडी काढू नका. तुम्ही लिहिलंय की धाकटा ढग दिसला की रडतो. तो ढगाला घाबरत नाही, तो तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. त्याला एक काम द्या. टॉर्च त्याचा. महिन्यातून एकदा पेटतो का ते त्याने बघायचं, आणि आजीचा हात धरून तिला खोलीत तोच नेणार.

आता तिकिटं. रद्द करू नका, पण तारखा बदलता येतात का बघा. ओक्लाहोमात मे सर्वांत जोराचा, जूनच्या मध्यानंतर धोका बराच उतरतो. दोघं जुलैत आले तर गणपती आणि दिवाळी दोन्ही नातवंडांसोबत होतील. श्रीवर्धनच्या घरातला गणपती चुकवणं त्यांना जमणार नसेल, तर एप्रिललाच येऊ द्यात, मात्र त्याआधी सेफ रूम बसलेली हवी. हे त्यांना विचारून ठरवा. तुम्ही परस्पर ठरवलंत तर "सुनेला आम्ही नकोत" असा अर्थ निघायला वेळ लागत नाही.

राज्य सोडायचं का? सोडणं हा पळपुटेपणा नाही. पण कुठे जाणार ते आधी बोला. डॅलस, कॅन्सस, मिझूरी, अलाबामा, सगळीकडे टोर्नेडो आहेत, आणि दक्षिणेकडे ते रात्रीचेही खूप येतात. कॅलिफोर्नियात भूकंप आहे, फ्लोरिडात हरिकेन. मी सांगेन, एक पूर्ण हंगाम तयारीनिशी काढून बघा. ऑक्टोबरमध्ये, आभाळ निळं असताना, दोघांनी बसून पुन्हा हा प्रश्न घ्या. तेव्हाही उत्तर "जाऊया" असेल, तर ते तुमच्या संसाराचं उत्तर असेल, भोंग्याचं नाही. आणि सगळी तयारी करूनही मार्चमध्ये झोप उडालीच, रात्री दहा-दहा वेळा हवामानाचं ॲप उघडलं जात असेल, तर समुपदेशकाकडे जा. तिथल्या समुपदेशकांना ही भीती ओळखीची आहे, तुम्हाला काही समजावत बसावं लागणार नाही.

तुम्ही विचारलंत, मी भित्री आहे का. २०१३ नंतर मूरमधल्या कितीतरी घरांनी शेल्टर बसवली. त्यांना कोणी भित्रं म्हणत नाही.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. तुमच्या भागात शनिवारी दुपारी बारा वाजता, हवा स्वच्छ असेल तर, भोंग्याची चाचणी होते. तो वाजला की फोनवर घड्याळ लावा आणि चौघंही, बूट घालून, हेल्मेट घेऊन, क्लोझेटमध्ये जाऊन दार लावा. नवऱ्यालाही घ्या. किती वेळ लागला तो फ्रिजवरच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहा. सासू-सासरे आले की पहिल्याच शनिवारी त्यांना घेऊन पुन्हा करा. तो आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकायचा तो निळ्या आभाळाखाली, तुम्ही शेजारी असताना. सासूबाईंना स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत यायला किती मिनिटं लागली, ते मला कळवा. तीनपेक्षा जास्त लागली, तर वाटेत धरायला भिंतीला एक दांडी बसवून घ्या.